कनगसबै मास्तरांवरचा आळ

"मला बाजारात मारा," कनगसबै मास्तर म्हणाले. "शुक्रवारी. सगळे असताना."

मी गोळ्यांचे डबे खोक्यात भरत होतो. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. मास्तरांची हिंदी पुस्तकी होती, पण चुकायची नाही. तरुणपणी ते मद्रासला शिकायला होते, तिथे त्यांनी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या.

"कुणाला मारू?"

"मला. थप्पड मारा. शिव्या द्या. पुन्हा चौकीकडे फिरकू नकोस म्हणा."

हे १९९० सालच्या फेब्रुवारीतलं. लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर नावलमुनै नावाचं कोळ्यांचं गाव. तिथल्या बंद पडलेल्या भातगिरणीत भारतीय फौजेतल्या आमच्या कंपनीची चौकी होती. मी हवालदार भरमू गावडे, राहणार चंदगड तालुका, फौजेत वैद्यकीय कामाला. गिरणीच्या ओसरीवर माझा दवाखाना. मलमपट्टी, इंजेक्शन, तापाच्या गोळ्या एवढंच माझं ज्ञान, तरी गाव मला डॉक्टर म्हणायचं. मला तमिळचा गंध नव्हता. सकाळी शाळा भरायच्या आधी मास्तर यायचे, शेजारी स्टुलावर बसायचे आणि बायाबापड्यांची दुखणी मला हिंदीत सांगायचे. दीड वर्षात त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता.

आम्हाला आणलं तेव्हा लोकांनी हार घातले होते, असं आमच्या आधीच्या पलटणीतले सांगत. पुढे ज्यांच्या रक्षणासाठी आलो, त्यांच्यातल्याच बंदूकवाल्यांशी लढाई जुंपली. आता कोलंबोच्या सरकारने त्या बंदूकवाल्यांशी जुळवून घेतलं होतं, आम्ही नको होतो, दिल्लीत सरकार बदललं होतं, आणि मार्च संपायच्या आत शेवटचा जवान जहाजावर चढणार हे ठरलं होतं. जंगलातल्या त्या बंदूकवाल्यांचं नाव गावात कुणी घेत नसे. 'पोरं' म्हणत. पोरं येतील. पोरांना कळेल. पोरं विचारतील. आमच्या निघण्याची बातमी आली तशी ओसरीवरची रांग आखडत गेली, आणि त्या आठवड्यात तर एकटे मास्तरच येऊन बसत होते.

"मास्तर, तुम्ही जहाजाने चला," मी म्हणालो. "साहेबांनी तुमचं नाव लिहिलंय."

ते खरं होतं. आमचे मेजर बिश्त यांना वरून हुकूम आला होता की आपण गेल्यावर या भागात काय होईल त्याचा अहवाल पाठवा. त्यांनी मास्तरांना चहाला बोलावलं. मी तिथेच होतो.

"बंदरात पुढे कुणाची जहाजं येतील, पोरांचं आणि कोलंबोचं किती दिवस जमेल, असं सगळं विचारतात," मेजर म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "ते मला समजत नाही, साहेब. माझ्या घरापासून शाळेपर्यंत सहाशे पावलं आहेत. तेवढ्या भागाचं मी सांगू शकतो. त्या भागात मी पंधरा दिवसांत मरेन."

मेजरांनी अहवालाचा कागद बाजूला सारला आणि दुसरा ओढला. आमच्याकडे काम केलेल्या गावकऱ्यांना बसने त्रिंकोमालीला नेऊन जहाजात बसवायचं होतं, त्याची ती यादी. तिच्यात त्यांनी तीन नावं लिहिली: मास्तर, त्यांची बायको अन्नम् आणि अकरा वर्षांची मुलगी वासुकी.

"माझी आई खाटेवर आहे," मास्तर म्हणाले. "ती कूस बदलू शकत नाही. तिला सोडून मी जाणार नाही."

"नाव असू द्या," मेजर म्हणाले.

म्हणून आता ओसरीवर मास्तर मला ही दुसरी वाट सांगत होते. फौजेने हाकलून दिलेला माणूस फौजेचा राहत नाही, असं त्यांचं गणित होतं. "मी दारू पिऊन आलो, उद्धट बोललो, असं काहीही म्हणा. पण हे आपल्या दोघांतच राहिलं पाहिजे. मेजर साहेबांनाही नको. तुमचा स्वयंपाकी या गावचा आहे, कान सगळीकडे असतात."

"अन्नम् वहिनींना?"

"तिला खोटं पचत नाही. ती रडली तर खरीखुरी रडली पाहिजे. मुलाची शपथ घ्या."

माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. मी शपथ घेतली.

शुक्रवारी दहाच्या सुमारास मी दोन जवान घेऊन बाजारात गेलो. वडाखाली मासळीवाल्या बायका बसल्या होत्या. मास्तर वासुकीला घेऊन भाजी बघत उभे होते. मुलीला बरोबर आणतील असं मला वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं, मुद्दामच आणली असणार.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ठरल्याप्रमाणे दारूचं बोलणार होतो. पण मास्तरांना त्या गावात कुणी साधी विडी ओढतानाही पाहिलं नव्हतं. दारुडा म्हटलं असतं तर बाजार हसला असता. त्याच क्षणी मला समोर चेल्लम्मा दिसली. सुकी मासळी मांडून बसलेली, माझ्याकडे बघत होती.

जानेवारीत गावात जुलाबाची साथ आली होती. माझ्याकडची सलाईन चार दिवसांत संपली. मी वर तीनदा मागणी पाठवली. तिन्ही वेळा उत्तर आलं की साठा जहाजावर चढतो आहे, आहे त्यात भागवा. दोन मुलं गेली. त्यातला एक चेल्लम्माचा, चार वर्षांचा. शेवटच्या दिवशी ती त्याला ओसरीवर घेऊन बसली होती आणि मी मास्तरांना सांगत होतो, तिला सांगा, उद्या येईल. मास्तर तिला तसं सांगत होते. तेव्हापासून ती बाजारात दिसली की मी वाट बदलायचो.

तर तिला बघितलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "चोर साला. सलाईन कुठे विकलीस?"

मला तेवढे दोनच शब्द तमिळमध्ये येत होते: चोर आणि औषध. ते मी तमिळमध्ये ओरडलो. सगळा बाजार वळला.

मास्तरांचा चेहरा बदलला. ते पुढे झाले, हलक्या आवाजात म्हणाले, "ते नको, गावडे. ते नको—" आणि मी थप्पड मारली. मला वाटलं, खरं वाटावं म्हणून ते करतायत. चष्मा पडला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं तशी मी दुसरी मारली. वासुकी किंचाळली नाही. ती वाकली आणि चष्मा शोधायला लागली.

चेल्लम्मा उठून आली. मास्तरांच्या पायाशी थुंकली आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

चौकीत परतलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. मेजरांनी मला आत बोलावलं.

"खरं आहे?"

दारात स्वयंपाकी तांदूळ निवडत बसला होता. "होय साहेब," मी म्हणालो.

"मला वाटलं होतं, माणूस सरळ आहे." त्यांनी यादी काढली, तीन नावांवर रेघ ओढली, आणि खाली दुसऱ्या कुटुंबाची नावं लिहिली. बसच्या जागांपेक्षा नावं आधीच जास्त झाली होती. मी बघत उभा राहिलो. मास्तर जाणार नव्हतेच, असं मी मनाला सांगितलं.

पुढचे दहा-बारा दिवस मास्तर दिसले नाहीत. एकदा शाळेवरून गस्त घालत गेलो तर आतून पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. बरं वाटलं. बाजारात विजेच्या खांबावर चार नावांचा कागद डकवलेला सापडला, गद्दारांची यादी. त्यात मास्तरांचं नाव नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हेही सांगून टाकतो.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, पहारेकऱ्याने निरोप आणला की फाटकावर बाई आलीय. अन्नम् होती. वासुकीचा हात धरलेला. आजूबाजूला सामान लादणारे गावातले हमाल होते.

अन्नम्ला हिंदी येत नव्हती. वासुकी बोलली. बापाने शिकवलेली वाक्यं ती जुळवून जुळवून बोलत होती.

"आजी काल गेली. आता आम्ही येऊ शकतो. अम्मा म्हणते, अप्पांनी चोरी केली ती चूक झाली. अप्पांना लाज वाटते म्हणून ते येत नाहीत. अम्मा म्हणते, क्षमा करा. आमची नावं लिहा."

अन्नम् हात जोडून उभी होती. हमाल थांबून बघत होते. तिला म्हणावं, तुमच्या नवऱ्याने काही चोरलेलं नाही. एवढं एकच वाक्य होतं. मुलगी ते मोठ्याने तमिळमध्ये सांगणार, हमाल ऐकणार, आणि संध्याकाळपर्यंत जंगलात कळणार. मी म्हणालो, "थांबा, साहेबांना विचारतो."

मेजरांना मी दार लावून सगळं सांगितलं.

"हे आत्ता सांगतोस?"

"शपथ होती, साहेब."

"यादी त्रिंकोमालीला गेली. बस सकाळीच भरून गेली, तुला माहीत आहे. उद्या आपल्या गाड्यांत मी एकही गावकरी घेऊ शकत नाही, लेखी हुकूम आहे." त्यांनी सिगारेट पेटवली. "पण तू केलंस ते वाईट नाही. खांबावरच्या कागदात त्याचं नाव नाही ना? जहाजावर चढून तो निर्वासित झाला असता. इथे घरात राहील. मास्तराने अक्कल लढवली, तू साथ दिलीस. आता उगाच पुळका दाखवून बिघडवू नकोस."

मला ते पटलं. पटवून घ्यायला मी तयारच होतो.

फाटकावर जाऊन सांगितलं, "नाव नाही. जा."

वासुकीने आईला सांगितलं. अन्नम्ने जोडलेले हात सोडले, पदर सावरला आणि दोघी रस्त्याला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही निघालो. गावाने दारं लावून घेतली होती. शाळेपाशी गाडी हळू झाली, पण तिथेही कुणी दिसलं नाही.

मी अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झालो. गडहिंग्लजला एका डॉक्टरकडे कंपाउंडर म्हणून लागलो. लंकेतल्या बातम्या पेपरात यायच्या, त्या वाचायचो. आम्ही निघाल्यावर तीन महिन्यांतच तिथे पुन्हा लढाई पेटली होती. नावलमुनैच्या शाळेच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

दोन हजार चार साली बायकोचा हट्ट म्हणून रामेश्वरला गेलो. तिथून जवळच मंडपमला लंकेतून आलेल्या लोकांची छावणी आहे, असं धर्मशाळेतल्या माणसाने सहज सांगितलं. बायकोला दर्शनाच्या रांगेत उभी करून मी बस पकडली. छावणीच्या दारात नावलमुनै, कनगसबै, एवढंच म्हणत राहिलो. एका म्हाताऱ्याने पत्र्यांच्या खोल्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

वासुकी पोरांना गणित शिकवत होती. पंचविशीची. आमच्याकडे हे नाव नागाचं, म्हणून ते माझ्या डोक्यात पक्कं राहिलं होतं. तिने मला लगेच ओळखलं. पोरांना बाहेर पाठवलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

"मास्तर?" मी विचारलं.

"तुम्ही गेल्यानंतर सहाव्या दिवशी." ती सावकाश, नीट हिंदीत बोलत होती. "पोरं सकाळी शाळेत आली. अप्पांना वर्गातून नेलं. मग गावाला बाजारात बोलावलं."

"पण खांबावर त्यांचं नाव नव्हतं."

"गद्दारांचं वेगळं होतं. हा चोरांचा न्याय होता. गळ्यात पाटी होती. गावाचं औषध चोरणारा, असं लिहिलं होतं."

वासुकीने दार लोटलं.

"त्यांनी गावाला विचारलं, याच्या बाजूने कुणाला बोलायचंय का. कुणी बोललं नाही. अम्माही नाही. ती काय बोलणार? तिला वाटत होतं ते खरं आहे. चेल्लम्मा बोलली. म्हणाली, माझ्या मुलाची सलाईन याने विकली. मग त्यांनी अप्पांना विचारलं, केलीस चोरी? अप्पा म्हणाले, हो."

बाहेर पोरं पकडापकडी खेळत होती.

"मी कित्येक वर्षं विचार करत होते," वासुकी म्हणाली. "आमच्या घरात सलाईनचे पैसे कधी दिसले नाहीत. अप्पांकडे दोन शर्ट होते. तरी ते हो का म्हणाले?"

"चोर नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता की मग फौजेने तुला का मारलं," मी म्हणालो. "नाटक होतं असं सांगावं लागलं असतं. म्हणजे फौजेचा माणूस. फौजेच्या माणसाच्या घरादाराचं काय करत होते, तू पाहिलंयस. चोराला एकट्याला शिक्षा."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ओसरीवरचं बोलणं, शपथ, दारूचं ठरलेलं असताना मी सलाईन कसं म्हणालो ते, तिचे वडील "ते नको" म्हणाले ते, आणि दुसरी थप्पड. काही गाळलं नाही.

"फाटकावर अम्माला का नाही सांगितलंत?"

"शपथ होती. हमाल ऐकत होते." हे बोलताना माझं मलाच ते पुरेसं वाटलं नाही.

"अम्मा तीन वर्षांपूर्वी गेली," ती म्हणाली. "अप्पांचं श्राद्ध तिने एकदाही घातलं नाही. म्हणायची, ज्या माणसाने पोरांच्या तोंडचं औषध विकलं त्याला कसलं पाणी द्यायचं. मी द्यायचे, तिला चोरून."

ती उठली. "माझ्याबरोबर चला. चेल्लम्मा इथेच आहे. पाचव्या रांगेत."

मी गेलो. नाही कसं म्हणणार होतो. वाटेत दोन-तीन बायकांनी वासुकीला वाट दिली, पण कुणी तिच्याशी बोललं नाही. चेल्लम्मा दारात जाळं दुरुस्त करत बसली होती. केस पूर्ण पांढरे. तिने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही.

वासुकी म्हणाली, "तुम्ही बोला. मी सांगते."

मी उकिडवा बसलो आणि बोललो. कनगसबै मास्तरांनी काही चोरलं नव्हतं. ते मी रचलं होतं. वासुकी वाक्यामागून वाक्य तमिळमध्ये सांगत गेली. म्हातारीचे हात जाळ्यावर चालूच होते. माझं संपल्यावर तिने एक प्रश्न विचारला.

"म्हणते, मग सलाईन कुठे गेली?"

"आलीच नव्हती," मी म्हणालो. "आम्ही निघत होतो. सामान आधी जहाजावर चढत होतं."

वासुकीने ते सांगितलं. आता म्हातारीचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वासुकीकडे, आणि तिच्याशीच बोलली. आवाज चढवला नाही, पण बराच वेळ बोलली. मग जाळं गोळा करून आत गेली आणि पडदा ओढून घेतला.

आम्ही फाटकाकडे चालत राहिलो.

"काय म्हणाली?"

"तुम्ही खोटं बोलताय म्हणाली. फौजवाल्याला पैसे देऊन मी हे बोलायला आणलं, असं म्हणाली. बापाचं नाव धुवायला." वासुकी सरळ समोर बघत होती. "तिचं बरोबर आहे. तिने खरं मानलं, तर त्या दिवशी बाजारात ती काय बोलली त्याचं तिने काय करायचं?"

रस्त्यावर आलो. रामेश्वरची बस लांबून दिसत होती. मी विचारलं, "आणि तू? तुझा बसला का विश्वास?"

बस आली, थांबली, कंडक्टरने हाक दिली.

"मला ठेवायचाय," ती म्हणाली. "बघते. तुम्ही चढा आता."